टर्बो सी मरत का नाही?

हिंजवडीत किंवा खराडीत कुठल्याही कॅन्टीनमध्ये दहा इंजिनियर एका टेबलावर बसवा आणि विचारा, "पहिला प्रोग्रॅम कशावर लिहिला होता?" कुणी चाळिशी ओलांडलेला असेल, कुणी गेल्याच वर्षी जॉइन झालेला. कुणी सांगलीचा, कुणी अकोल्याचा, कुणी आमच्या इंदापूरचा. पण बहुतेकांचं उत्तर एकच येईल. निळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं, वर राखाडी मेनू. टर्बो सी!

यात नवल कशाचं वाटायला हवं? तर वयाच्या फरकाचं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस आणि बावीस वर्षांची मुलगी यांच्यात मोबाईल, गाणी, पगार, भाडं, सगळं बदललं, पण कंपायलर तोच. बरं, सॉफ्टवेअर म्हणजे काही जातं किंवा पाटा-वरवंटा नाही, पिढ्यान् पिढ्या चालायला. मधल्या काळात प्रोसेसर बदलला, विंडोज बदललं, खुद्द सी++ ही भाषा बदलली. प्रत्येक वेळी टर्बो सीचं कशाशी तरी वाजलं. आणि प्रत्येक वेळी आपण टर्बो सी बदलायच्या ऐवजी बाकीचं जग त्याच्यासाठी मागे ओढलं. ते कसं, आणि त्याची किंमत कुणी भरली, हे आज लिहायचं आहे. (तांत्रिक आहे थोडं, पण चहा घेऊन बसलात तर जमेल.)

सुरुवात बोरलँडपासून. फिलिप कान या माणसानं १९८३ साली अमेरिकेत ही कंपनी काढली आणि त्याच वर्षी टर्बो पास्कल बाजारात आणलं. त्याचा गाभा अँडर्स हायल्सबर्गचा. पुढे सी शार्प आणि टाइपस्क्रिप्ट करणारा तोच हा. टर्बो पास्कलची किंमत होती ४९ डॉलर ९५ सेंट. तेव्हा कंपायलरला शेकड्यांनी डॉलर मोजावे लागत, आणि एवढं करूनही एडिटर वेगळा, कंपायलर वेगळा, लिंकर वेगळा. प्रोग्रॅम लिहा, बाहेर या, कंपाइल करा, चूक कळली की पुन्हा आत जा... टर्बोनं हे सगळं एका पडद्यावर आणलं. बटण दाबलं की चूक जिथे असेल त्या ओळीवर कर्सर जाऊन उभा! आज आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण तेव्हा ही जादूच होती.

१९८७ मध्ये टर्बो सी आलं, १९९० मध्ये टर्बो सी++, आणि नव्वदच्या दशकाच्या अगदी सुरुवातीला ती ३.० आवृत्ती, जी आपण सगळ्यांनी वापरली. हा कंपायलर डॉसचा आणि १६ बिटांचा. मेमरी ६४ केबीच्या तुकड्यांत, आणि सगळा संसार ६४० केबीत. मेनूत स्मॉल, मीडियम, लार्ज, ह्यूज अशी मेमरी मॉडेलं दिसायची ती त्यामुळेच. त्याचा अर्थ आम्हाला कुणी विचारला नाही, आम्हीही कुणाला विचारला नाही.

ते महाराष्ट्रात एवढं रुजलं कसं? एक कारण नागपूरला सापडतं. यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' हे पुस्तक ज्याच्या कपाटात नव्हतं असा त्या काळातला विद्यार्थी शोधावा लागेल. सोपी इंग्रजी, मधेमधे विनोद, आणि लगेच करून बघता येतील अशी उदाहरणं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना झेपेल असं हे पहिलंच इंग्रजी तांत्रिक पुस्तक असेल. उदाहरणं टर्बो सीवर चालायची, मग लॅबमध्येही टर्बो सी.

दुसरं कारण जास्त रोखठोक. टर्बो सी हलकं होतं. १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानचं इंजिनियरिंग कॉलेज बारामतीत २००० साली सुरू झालं, तालुक्याच्या गावांत एमएस-सीआयटीची सेंटरं निघाली, आणि ज्यांच्या घरात कॉम्प्युटर सोडा, टेबलही नव्हतं अशी उसाच्या पट्ट्यातली मुलं कीबोर्डसमोर बसायला लागली. लॅबमधली मशीनं बऱ्याचदा जुनी. त्यात लोडशेडिंग! त्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात दिवसातून किती तास वीज जायची हे ज्यानं भोगलंय त्यालाच माहीत. वीज आली, मशीन सुरू झालं की निळा पडदा दोन सेकंदांत हजर. पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर मावायचा, इन्स्टॉल करायची भानगड नाही, कॉपी केलं की झालं. (लायसन्सचं काय, असं विचारू नका. बोरलँडनं जुनी १.०१ आवृत्ती पुढे फुकट देऊन टाकली होती, पण आपण वापरत होतो ती ३.०.) म्हणून टर्बो सीला नावं ठेवणाऱ्यांचा मला थोडा रागच येतो. ज्या काळात ते आलं त्या काळात त्याच्याइतकं गरिबांच्या उपयोगी दुसरं काही नव्हतं.

आता भांडणांकडे वळू.

पहिलं भांडण भाषेशी. टर्बो सी++ ३.० तयार झालं तेव्हा सी++ भाषेचं प्रमाणीकरण झालंच नव्हतं. ते झालं १९९८ मध्ये. त्या प्रमाणात हेडर फाइलचं नाव नुसतं 'आयओस्ट्रीम' झालं, शेवटचं 'डॉट एच' गळालं. नेमस्पेस आली, बूल हा प्रकार आला, मेन फंक्शननं इंटच परत द्यायचा हे पक्कं झालं. नव्या कंपायलरांनी काही वर्षं जुनी नावं चालवून घेतली, कारण जगभर जुना कोड पडला होता. मग एकेकानं दार लावलं. मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल सी++ च्या २००३ च्या आवृत्तीत जुनं आयओस्ट्रीम डॉट एच काढून टाकलं. जीसीसीनं २००८ मध्ये ४.३ आवृत्तीत तेच केलं.

म्हणजे बघा, बाहेर दहा वर्षांची मुदत दिली गेली, इशारे दिले गेले, मग दार बंद झालं. आणि आमच्या लॅबपर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. कारण इशारे नवीन कंपायलर देतो, आणि आमच्याकडे नवीन कंपायलर नव्हताच! जुन्या कंपायलरच्या दृष्टीनं सगळं आलबेल होतं. त्याला १९९८ माहीतच नव्हतं. कम्पॅटिबिलिटीच्या गोष्टींत मला हा प्रकार सगळ्यात फसवा वाटतो: एरर येत नाही म्हणून प्रॉब्लेम नाही असं वाटतं.

दुसरं भांडण वेगाशी. हे टर्बो सीचं नाही, त्याच्या मोठ्या भावाचं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. टर्बो पास्कलमध्ये डिले नावाचं फंक्शन होतं, ठरावीक मिलिसेकंद थांबायचं. त्यासाठी प्रोग्रॅम सुरू होतानाच तो आधी मोजून बघायचा की हा प्रोसेसर एवढ्या वेळात किती फेऱ्या मारतो, आणि त्या आकड्याला भागायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे प्रोसेसर आले, फेऱ्यांचा आकडा इतका मोठा झाला की भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावेना. परिणाम? 'रनटाइम एरर २००'. प्रोग्रॅम पहिल्या ओळीआधीच गार. कोडमध्ये कुणी अक्षर बदललं नव्हतं, नुसतं मशीन फास्ट झालं होतं. लोकांनी मग तयार प्रोग्रॅमच्या फाइलीतच पॅच मारले.

तिसरं भांडण विंडोजशी, आणि हे सगळ्यात मोठं. विंडोज एक्सपीपर्यंत डॉसचे प्रोग्रॅम मजेत चालत. २००७ मध्ये व्हिस्टा आलं, २००९ मध्ये विंडोज ७. ग्राफिक्स ड्रायव्हरची रचना बदलली आणि डॉसच्या प्रोग्रॅमला पूर्ण पडदा मिळायचा बंद झाला. ऑल्ट-एंटर दाबलं की सिस्टीम फुलस्क्रीन मोडला सपोर्ट करत नाही असा डबा यायचा. ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलचा तर बाजारच उठला. ब्रेसेनहॅमची रेष काढायची म्हणजे इनिटग्राफ बोलवायचं, त्याला बीजीआय फोल्डरचा पत्ता द्यायचा, आणि त्यानं व्हीजीएचा पडदा ताब्यात घ्यायचा. तो पडदाच मिळेना.

तरी तोवर निदान बिनग्राफिक्सचा प्रोग्रॅम खिडकीत चालत होता. ६४ बिटांच्या विंडोजवर तेही संपलं. इथे दोष बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टला दिला जातो, पण कारण प्रोसेसरमध्येही आहे. ३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरमध्ये एक खास सोय होती: जुन्या ८०८६ चं सोंग घ्यायची. विंडोज डॉसचे प्रोग्रॅम त्या सोंगाच्या आधारानं चालवायचं. ६४ बिटांच्या मोडमध्ये गेलं की प्रोसेसर ते सोंग घेऊच शकत नाही. आणि मायक्रोसॉफ्टनं ६४ बिटांच्या विंडोजमधून डॉसचा सगळा थरच वगळला. त्यामुळे नवीन लॅपटॉपवर टीसी डॉट ईएक्सईवर डबलक्लिक केलं की सरळ नकार.

टर्बो सी इथेच संपायला हवं होतं. निसर्गनियमानं. पण मधे आले गेमवाले!

पीटर वीनस्ट्रा आणि शूर्ड व्हान डर बर्ग या दोन डच लोकांना जुने डॉसचे गेम नव्या मशीनवर खेळायचे होते. त्यांनी डॉसबॉक्स लिहिलं, पहिली आवृत्ती २००२ ची. प्रोसेसरला सोंग घेता येत नाही ना, मग आपण सॉफ्टवेअरमध्येच आख्खा जुना प्रोसेसर, जुनं व्हीजीए कार्ड, जुनं साउंड कार्ड उभं करू, असा सगळा थाट. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ज्यात गेम चालतात त्यात टर्बो सीही चालेल. चाललं! पुढे पुढे तर दोन्ही एकत्र बांधून, एका क्लिकमध्ये इन्स्टॉल होणारी पाकिटं फिरायला लागली. डेस्कटॉपवर आयकॉन, क्लिक केलं की निळा पडदा. त्यात उंदीर अडकला की कंट्रोल-एफ१० दाबून सोडवायचा, हे ज्ञान सीनियरकडून ज्युनियरकडे जायचं.

मी २०१५ साली इंजिनियरिंगला आले तेव्हा हे सगळं स्थिरस्थावर झालेलं होतं. कॉलेजचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण असं चित्र अनेक ठिकाणी होतं. गंमत म्हणजे विद्यापीठाच्या कागदावर असं काही नव्हतंच. कॉम्प्युटर शाखेच्या २०१५ च्या अभ्यासक्रमात प्रॅक्टिकलसाठी ६४ बिटांचं ओपन सोर्स लिनक्स आणि जीसीसीची शिफारस होती. आणि कानेटकरांचं पुस्तक तरी कुठे थांबलं होतं? 'लेट अस सी' च्या २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीतच विंडोजमधलं सी आणि लिनक्समधलं सी यावर प्रकरणं होती. म्हणजे पुस्तक पुढे गेलं होतं, अभ्यासक्रम पुढे गेला होता. मागे राहिली होती ती झेरॉक्सच्या दुकानातली जर्नलं, गाइडं आणि क्लासच्या नोट्स. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सपासून हात ज्याला वळलेला असतो तो 'व्हॉइड मेन, क्लिअरस्क्रीन, शेवटी गेट्च' हा मंत्र तिथून आलेला. (गेट्च कशाला, तर आउटपुट दिसायच्या आधी पडदा परत निळा होऊ नये म्हणून. अर्ध्या वर्गाला वाटायचं की गेट्चनं प्रोग्रॅम 'संपतो'.)

शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. पण साठ मुलं, वीस मशीनं, एक लॅब असिस्टंट, आणि महिनाअखेरीस बाहेरून एक्स्टर्नल येणार. त्याच्यासमोर आउटपुट दिसलं पाहिजे. जे चालतंय त्याला हात लावायची जोखीम त्या परिस्थितीत कोण घेईल? मीही नसती घेतली.

पण डॉसबॉक्सनं कंपायलर चालवला, तेव्हा त्याच्याबरोबर १९९२ चं आख्खं मशीन मुलांच्या डोक्यात बसवलं. याची उदाहरणं बघा. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम सगळ्यांनी केलाय. टर्बो सीमध्ये इंट २ बाइटचा, जास्तीत जास्त ३२,७६७. सातचं फॅक्टोरियल ५,०४० बरोबर येतं. आठचं यायला हवं ४०,३२०, येतं उणे २५,२१६. तोच प्रोग्रॅम जीसीसीवर टाका, इंट ४ बाइटचा, बारापर्यंत बिनघोर चालतो आणि तेरावर गडबडतो. 'इंट किती बाइटचा?' याचं 'दोन' हे उत्तर आम्ही ओरलला छातीठोकपणे द्यायचो आणि पूर्ण मार्क मिळायचे.

दुसरं. पॉइंटरला पत्ता न देता त्यात लिहिलं तर टर्बो सी प्रोग्रॅम संपल्यावर हळूच 'नल पॉइंटर असाइनमेंट' असं म्हणायचं, तेही लक्ष असेल तर दिसायचं. प्रोग्रॅम चालला ना, मग झालं! लिनक्सवर त्याच चुकीला सेगमेंटेशन फॉल्ट, जागेवर फाशी. तिसरं तर फारच लाडकं. आय बरोबर ५, आणि प्रिंटएफमध्ये तीनदा आय प्लस प्लस, आउटपुट सांगा. उत्तर ७ ६ ५, कारण टर्बो सी आर्ग्युमेंटं उजवीकडून डावीकडे सोडवायचं. भाषेचा नियम असा काहीही नाही. भाषा म्हणते असा कोड लिहूच नका, उत्तराची हमी नाही. एका कंपायलरची सवय म्हणजेच भाषा, असं आम्ही समजून चाललो होतो.

याचं बिल आलं प्लेसमेंटला. माझी रूममेट, आमच्याच तालुक्यातली, डेटा स्ट्रक्चर्समध्ये माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट, नव्वद मिनिटं, ब्राउझरमध्येच कोड लिहायचा, मागे जीसीसी. तिनं लिंक्ड लिस्ट उलटी करायचा कोड दहा मिनिटांत लिहिला आणि मग पहिल्याच ओळीवर एरर: कोनिओ डॉट एच सापडत नाही. ते काढलं तर आयओस्ट्रीम डॉट एच सापडत नाही. मग व्हॉइड मेन चालत नाही. मग सी-आउट म्हणजे काय तेच कळत नाही म्हणतो. लॉजिक पहिल्यापासून बरोबर होतं. पुढच्या राउंडच्या यादीत तिचं नाव नव्हतं. पुण्यातल्या मुलांना हे कुणा दादानं, ताईनं आधीच सांगितलेलं होतं. त्यांच्या लॅपटॉपवर उबुंटू होतं, निदान कोडब्लॉक्स तरी. आमच्या घरांत असा दादा नव्हता, आम्हीच पहिल्या. हा फरक मार्कलिस्टवर कुठेही दिसत नाही.

आणि चीड कशाची येते सांगू? जुळवून घ्यायला लागत होतं किती? हेडरमधलं डॉट एच काढा, नेमस्पेसची एक ओळ लिहा, व्हॉइडच्या जागी इंट, क्लिअरस्क्रीन आणि गेट्चला निरोप द्या. जर्नलमधले पहिले पन्नास प्रोग्रॅम एवढ्यावर चालतात. एका लेक्चरचं काम.

ग्राफिक्सचं खरंच अवघड होतं, कबूल. पण तिथेही दुसरा रस्ता निघाला होता. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात मायकल मेन या प्राध्यापकानं विनबीजीआयएम नावाची लायब्ररी आपल्या विद्यार्थ्यांना उपलब्ध करून दिली. फंक्शनांची नावं बोरलँडचीच, इनिटग्राफ, लाइन, सर्कल, पण आत सगळं विंडोजचं. म्हणजे जुनं जर्नल तेच, कंपायलर मात्र नवा. दोन्ही उपायांत जुना कोड चालतो, पण डॉसबॉक्समध्ये तुम्ही जुन्या जगात जाता आणि विनबीजीआयएममध्ये जुना कोड तुमच्या जगात येतो. आमच्याकडे उजनीचं पाणी चढलं तेव्हा पळसदेव गाव उचलून वर वसवलं. जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ पाणी आटलं की दिसतं, लोक बघायला जातात, फोटो काढतात. राहायला कुणी जात नाही.

डॉसबॉक्सला मात्र यात नावं ठेवू नयेत. जुने गेम, जुनी सॉफ्टवेअरं जपायला त्याच्यासारखं साधन नाही, आणि ते बनवणाऱ्यांनी कधी कुणाला त्यात सी शिकवा म्हटलं नव्हतं.

बाकीच्या पात्रांचं काय झालं ते सांगून टाकते. बोरलँडनं आपला कंपायलरांचा धंदा २००८ मध्ये एम्बार्काडेरोला विकला आणि पुढच्याच वर्षी उरलेली कंपनी मायक्रो फोकसनं घेतली. सीबीएसईनं बारावीतून सी++ काढून पायथन आणलं. विंडोज ११ आलं २०२१ मध्ये, ते फक्त ६४ बिटांचं. ३२ बिटांचं शेवटचं विंडोज म्हणजे विंडोज १०, त्याचा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. म्हणजे डॉसबॉक्सशिवाय टर्बो सी चालायची शेवटची अधिकृत जागाही गेली.

गंमत पुढेच आहे. दिवाळीत गावी गेले तेव्हा मामाची मुलगी सीची प्रॅक्टिस मोबाईलवर करत होती. लॅपटॉप नाही, त्यामुळे डॉसबॉक्स नाही, त्यामुळे निळा पडदाही नाही. फुकटचं कंपायलर ॲप, आत नव्या काळाचा कंपायलर. क्लासच्या नोट्समधला पहिला प्रोग्रॅम तिनं जसाच्या तसा उतरवला आणि पहिल्याच ओळीला लाल एरर आली. "ताई, कोनिओ डॉट एच नाही म्हणतंय, ॲप खराब आहे का गं?" म्हटलं, ॲप बरोबर आहे, ती ओळ खोड. मग गेट्च खोडलं, व्हॉइडचं इंट केलं, आणि 'हॅलो' छापून आलं. नोट्सच्या वहीत तिनं त्या तीन जागी पेननं काट मारली आणि सोमवारी सरांना दाखवते म्हणाली.